कावळ्यापुढे दिलेला शब्द

अण्णा, तुम्ही मेलात, तुमचा नियम काही मरत नाही. काल मंडळाच्या सेक्रेटरीनं, तुमच्याच हाताखाली कबड्डी शिकलेल्यानं, माझ्या पोराला सगळ्यांसमोर मैदानाबाहेर काढलं. तुमची नात होती ना, ती आता मुलगा म्हणून राहते. राहतो म्हणायचं, मलाही जीभ वळवायला दोन वर्षं लागली. सतरा वर्षांचा आहे. मुलींच्या संघात होता तेव्हा त्याच्या पकडीतून कोणी सुटत नव्हतं. आता मुली म्हणतात तू आमच्यातला नाहीस, मुलगे म्हणतात आमच्यातलाही नाहीस. मग काय मधल्या रेषेवर उभं राहायचं त्यानं? सेक्रेटरी म्हणतो, "ताई, अण्णांचा नियम आहे, मुलग्यांच्या मैदानात मुलगी नाही." मी म्हटलं, तो मुलगी नाहीच, मग मोडतो कुठे? पोरं हसली. "आणि शब्द तूच दिलायस ना, दहाव्याला," तो म्हणाला. मी पोराला घेऊन घरी आले.

तो नियम कोणासाठी झाला ते त्याला कुठे ठाऊक. मी नऊ वर्षांची, विक्रोळीच्या चाळीमागच्या मैदानात घुसते, तुमच्या लाडक्या खेळाडूचा घोटा धरून त्याला आडवा करते, आणि तुम्ही मला वेणीला धरून घरी आणता. "पोरगी आहेस, पोळ्या लाट." आईनं पोळपाट पुढे सरकवला. पुढे चौथीत शाळाही सुटली. घोटा धरायचा कसा ते मात्र हात विसरले नाहीत. पोराला ते मीच शिकवलं, ओट्यासमोर, त्याच स्वयंपाकघरात.

तुमच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. काका म्हणाले मंडळ चालवू, भाऊ म्हणाला आईला सांभाळू. कावळा पत्र्यावर बसून नुसता बघतोय. शेवटी मी हात जोडले, "अण्णा, मैदानाचा नियम मोडू देणार नाही." लगेच आला. सगळे रडले.

खरं सांगते, नियमाचं मला काही पडलं नव्हतं. ऊन डोक्यावर आलं होतं, घरी माणसं जेवायची थांबली होती. काल पोरानं विचारलं, "आई, तू खरंच असं बोललीस?" मी कुकर लावायला उठले.

हा कागद पाठवू कुठे? पिठाच्या डब्याखाली ठेवते. शनिवारी सकाळी खिडकीत दहीभात ठेवून मोठ्यानं सांगणार आहे, शब्द परत घेतला, तुमचा नातू मुलग्यांत खेळणार. रविवारी सातला संघ निवडायला वजनं घेतायत. शिवायचं तर त्याच्या आत शिवा.