फातेह्यात दादाचं नाव

२ फेब्रु.
फुफीनं, अब्बांच्या बहिणीनं, डोक्याले घोर लावला. दादा, म्हणजे माझा आजा, तिचा बाप, इंग्रजांच्या फौजेत ट्रक चालवायले आफ्रिकेच्या वाळवंटात गेला, तो गेलाच. फुफी तेव्हा पोटात. 'बेपत्ता' एवढीच तार आली. मयत नाई, कबर नाई. म्हणून दर शबे-बरातीले हलवा करून फातेहा पढतो, त्यात घरच्या मेलेल्यांची नावं घेतो, दादाचं घेत नाई. नाव घेतलं की मेला. दादीनं तर शेवटपर्यंत बांगड्या उतरवल्या नाईत.

आता डॉक्टर म्हणते, फुफीले घरीच ठेवा. अन् ही मले विचारते, "मेल्यावर बापाले कुठी पाहू? जित्यात का मेलेल्यात?"

५ फेब्रु.
रंधा हाती धरला नाई. सागवान पडून, गिऱ्हाईक दोनदा बोंबलून गेलं. मोबाइलवर वाळवंटातल्या जर्मन फौजेचा, त्यांच्या कोरचा, इतिहास वाचून राह्यलो, तिच्यासमोरच दादाची ब्रिगेड होती. कोर कधी उतरली, कोणता जनरल आजारी पडला, पेट्रोल कुठी संपलं, सारं आहे. रणगाडे एकेक मोजलेत. आपली माणसं एका ओळीत. हिंदी ब्रिगेड संध्याकाळपर्यंत संपली. संपली म्हणजे? घरात मीठ संपते. राग आला, मोबाइल आपटणार होतो.

८ फेब्रु.
पकडलेल्यांना जहाजानं इटलीत नेलं, असंही वाचलं. म्हणजे दादा तिकडंच कुठी... हट्. फुफीले हे सांगणं नाई.

मौलवीसाहेबाले विचारलं. ते म्हणाले, इतकी वर्षं माणूस राहते का? खुशाल घ्या नाव. त्यांचं काय जाते! फुफीच्या खाटेपाशी बसायचं मले आहे. ती रोज विचारते, काय निंगलं. मी म्हणतो, वाचून राह्यलो. बायको म्हणते, जर्मनांचं सोडा, लोकांचे दरवाजे द्या आधी.

११ फेब्रु.
पुन्हा तेच पान वाचलं. अक्षर बदलते थोडंच.

१३ फेब्रु., शबे-बरात
मगरिबच्या नमाजानंतर हलवा समोर ठेवला. अब्बांचं नाव घेतलं, अम्मीचं, दादीचं. मग जीभ उचलेना. सगळे माझ्या तोंडाकडं पाहून राह्यले. फुफी खाटेवरून म्हणाली, "घे नाव. तो आलाच तर मी सांगीन त्याले, पोरानं चुकून घेतलं."

घेतलं.

हलवा वाटला. फुफीनं तोंडाले लावला नाई, तिची वाटी झाकून दाराजवळ ठेवायले लावली. बायको हळूच विचारते, ही सकाळी कोणाले द्यायची? मी वाटीवरची ताटली नीट बसवली.