साधे शिंपले

प्रिय धाकट्या,

तिसरी पाटी उपडी केली, तरी भोक नसलेला एकही शिंपला निघेना, तेव्हा काल मी तुला आत बोलावलं. साधे होते ते ताई, टाकून दिले, असं म्हणालास आणि वर हसलास. मी तुला बाहेर घालवलं, कारण माझ्या हातात तराजूचं लोखंडी वजन होतं आणि ते मी फेकलं असतं.

प्रयोगशाळेतली नमुन्यांची खोली तू बारा वर्षं सांभाळतोस. समुद्रातली ती शिकारी गोगलगाय शिंपला कशी खाते, हे तुला मीच दाखवलं. कवच मऊ करणारा द्राव सोडायचा, कानशीसारख्या जिभेनं घासायचं, पुन्हा द्राव. दोन दोन दिवस एकाच जागी. मग गोल, सुबक भोक. तिच्या शंखाचं तोंड एवढं अरुंद का, असं तू विचारलंस. आपल्या किनाऱ्यावर लाटा कमी आणि खेकडे फार, म्हणून ओठ जाड आणि आत दातांची रांग, हे मी सांगितलं. लाटा आदळतात त्या उघड्या खडकावर तीच गोगलगाय तोंड रुंद ठेवते, कारण तिथे पाय रोवून धरावं लागतं. तुझ्या लक्षात राहिलं ते फक्त भोक. लहानपणीही एक गोष्ट आवडली की बाकीची तुला अडगळ वाटायची.

भोक नसलेला मेलेला शिंपला गोगलगाईनं मारलेला नसतो. काकांच्या शेतीतून गोळा केले त्या दिवशी असे ढीगभर होते, आत काळा गाळ ठासलेला. बंदराचा तळ उपसणाऱ्यांनी सोडलेला गाळ. तू तो मोरीत धुतलास, भोकवाले तेवढे मोजलेस आणि सगळे गोगलगाईनंच मारले असा कागद पुढे केलास. मी न बघता सही केली. तेवढी चूक माझी.

काकांची शिंपल्यांची शेती सगळी मेली. माझ्या पुतणीनं चोर पकडला, गोगलगाय, असं ते बाजारात सांगत फिरतात. उद्या गावची समिती त्या कागदावरून खडकांवर विष फवारायचं ठरवील. गोगलगायी मरतील, खेकडे मरतील, आणि गाळ येतच राहील. काका पुन्हा शिंपले वाढवायचे दोर पाण्यात सोडतील. तेही शिंपले मरतील.

तुझ्या चुकीचा राग मी गिळला असता. पण जाताना म्हणालास, एका गोगलगाईपायी माझी नोकरी घालवणार का. त्याचा राग गिळवत नाही.

समोर बसले तर हात उचलीन, म्हणून लिहिते आहे. उद्या दहा वाजता मी समितीपुढे माझी सही मागे घेणार. मोजणी कुणाची, असं विचारतील. त्याआधी तू उभा राहा. काका समोरच असतील, त्यांच्याकडे बघून बोल. नाहीतर तुझं नाव मी घेईन.

तुझीच, अजून तरी,
ताई

दुसऱ्या दिवशी, माझ्याकडच्या प्रतीवर: सकाळी धाकटा शेवटच्या रांगेत बसला होता. उठला नाही. नाव मी घेतलं. मोजणी नव्याने होईल, तोवर फवारणी बंद. काका माझ्याशी न बोलता निघून गेले.