साहेबांचं पेन परत न करण्याबाबत

…आणि मी साहेबांच्या हातातून पेन काढून घेतलं, मामा. (नमस्कार राहिला. तो आधी घ्या. गुडघा कसा आहे? मामींना सांगा, मी वेळेवर जेवते.)

आमचं खातं कंपन्या विकत घेतं. जी घ्यायची तिचं नाव कुणी उच्चारत नाही, लिफ्टमध्येसुद्धा. तिला टोपणनाव देतात. सध्याच्या कंपनीला आम्ही कासव म्हणतो. खरं नाव सांगितलं तर नोकरी जाईल, म्हणून सांगत नाही. कासव वजनकाटे बनवतं. त्याच्या दुरुस्ती खात्याच्या प्रमुखांना टक्कल आहे, ते लंगडतात, आणि भाचीला तिच्या लहानपणी मोठ्या काट्यावर बसवून विकायला काढत. (ओळखायचा प्रयत्न करू नका.)

साहेबांना कासव हवं आहे, पण दुरुस्ती खात्याशिवाय. नवा काटा विकता येतो तर जुना दुरुस्त कशाला करायचा, असा त्यांचा हिशेब. ते खरेदीच्या कागदातली दुरुस्ती खात्याची ओळ खोडणार, तेवढ्यात पेन माझ्याकडे आलं. मी नवखी; माझ्या खुर्चीचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. तरी म्हटलं, लोक हा काटा घेतात तोच मुळी कुणीतरी दुरुस्त करून देतं म्हणून. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं. "बाजाराचा अभ्यास," मी म्हटलं. (तुमची दर रविवारची बडबड. इतकी वर्षं ऐकली, आता तिला अभ्यासच म्हणायचं.)

तर उद्या आम्ही कासव पाहायला येतो आहोत, अग्निसुरक्षा तपासनीस बनून. आमच्यात अशीच पद्धत आहे. साहेबांना खातं पटलं नाही तर ते बंद, आणि मीही घरी. बसेन घरी. माफी मागणार नाही, आणि पेनही देणार नाही.

तुमची,
भाची

ता. क. उद्या मला ओळख दाखवू नका. "चिमणे" तर अजिबात म्हणू नका.

आणखी एक, आणि पत्र खरं म्हणजे याचसाठी: रंगाच्या डब्यांमागची शेगडी आजच हलवा. आम्ही आगीचे लोक आहोत.

(मागच्या बाजूला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.) काल पत्र द्यायला आले तर तुमच्या दाराला कुलूप. ते पिशवीतच राहिलं. आज "अगं चिमणे, तू इकडे कुठे?" असं तुम्ही अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडलात, आणि शेगडीवरचा चहा पुढे केलात. साहेबांनी दोन कप घेतले. रिकामा कप दुरुस्त काट्यावर ठेवून पाहिला, उचलला, पुन्हा ठेवला; दोन्ही वेळा आकडा तोच. मग पेन मागितलं. मी दिलं नाही.