नकाशावर फिकट दिसणारं टेंभुर्णी

माय, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला मला अजून तूच लागतेस. कॅन्सरचा धोका कुठं किती आहे, याचा मी नकाशा करते. दवाखान्यांतून पेशंटचे पत्ते येतात. गाव लहान असलं की आकडे थोडे पडतात, म्हणून शेजारच्या गावांचे आकडे धरून कॉम्प्युटर अंदाज बांधतो. धोका जास्त तिथं रंग गडद, आणि गडद तिथं तपासणीची गाडी आधी. जालना जिल्हा उघडला, तर आपलं टेंभुर्णी पार फिकट. साहेब म्हणाले, "इथं काळजी नाही, गाडी दुसरीकडं लावू." पण तू त्या नकाशात कुठं आहेस, हे मला ठाऊक होतं. तू औरंगाबादेत आहेस, मामाच्या पत्त्यावर.

मला अजून दिसतं, दवाखान्याच्या खिडकीशी आपण दोघी उभ्या आहोत. आतला माणूस पत्ता विचारतो, तू मामाचा सांगतेस. मी म्हणते, "माय, आपलं गाव सांग ना." तू माझ्या दंडाला करकचून चिमटा काढतेस. "गप गं! गावात कळलं तर धाकटीला कोण करून घेईल? मंग बस बोंबलत." छातीतली गाठ तू पदराखाली झाकलीस आणि गावात आपण कावीळ सांगितली. आपल्या गावात कितीतरी बाया काविळीनं गेल्या, माय. कॉम्प्युटरनं शेजारच्या गावांकडं बघावं, तर तिथल्या बायाही अशाच कुणाच्या भावाच्या, जावयाच्या पत्त्यावर गेलेल्या. सगळा पट्टाच निरोगी!

मी साहेबांच्या मागं लागून एक दिवस मागून घेतला. "बाया आल्या तर बराबर," ते म्हणाले, "नाहीतर परत तिकडं गाडी नाही." शाळेपुढं गाडी लागली. बाया आल्या, लिंबाखाली बसल्या, पण चढेना कुणी. "आम्हाला काय धाड भरली?" म्हणून एकमेकींना ढोसत हसत होत्या. दुपार कलली. डॉक्टरीणबाई आवराआवर करायला लागल्या. तेवढ्यात चुलतीनं विचारलं, "तुझी माय काविळीनंच गेल्ती ना गं?"

"न्हाई काकू. तिच्या छातीत गाठ होती. कॅन्सर होता."

हसणं बंद झालं. चुलती सुनेचा हात धरून उठली. "चल. रोज रात्री कण्हतीस ते मला ऐकू येतं. चढ आधी." तिच्यामागं दुसरी उठली, मग रांगच लागली. काहींना पुढच्या तपासणीला पाठवलंय, सुनेलाही. तुझं झाकलेलं मी सगळ्यांपुढं उघडं केलं. तुला राग येईल, येऊ दे. तू तेव्हाच बोलली असतीस तर, या विचारानं मलाही तुझा फार राग येतो.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. शेवटी डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "आता तुम्ही या. आईला होतं म्हणता ना?"

मी म्हणाले, "माझी तपासणी झालीय."

झाली न्हाई, माय.