वरच्या माळ्यावरचे दुधी

अंबरनाथ (प.)
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

चि. धर्मेश यास जनूदादाचा आशीर्वाद. मोठा भाऊ आहे म्हणून लिहिला, मनातून दिला असं समजू नकोस. आम्ही खाली सगळे ठीक. तुम्ही वर ठीक असणारच, पावलांवरून कळतं. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून हा कागद जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत ठेवतोय.

आता मुद्दा. बाजारात दुधी तीस रुपयाला मिळतो. मला तो कितीला पडला ते ऐक: एक कापलेला ड्रम, नर्सरीतली चार पोती माती, मेलेली मेथी, वाकलेली मिरची, माझी कंबर आणि तुझ्या वहिनीचे अख्ख्या पावसाळ्याचे टोमणे. मेथी मेली कारण ड्रम शिलाई मशीनच्या तेलाचा होता. साबणाने धुतला होता मी, पण मेथीला ते पटलं नाही. मिरचीला पाणी किती घालावं कळेना, म्हणून चहाच्या कपाने घाबरत घाबरत घालायचो. वहिनी म्हणाली, "अहो, झाड आहे ते, व्याही नाही."

दुधीचा वेल मात्र धरला. थोडा माझ्या ग्रिलवर पसरला, बाकीचा पाइप पकडून सरळ तुझ्या ग्रिलवर गेला. महिनाभर फुलं यायची नि गळायची. मी कोणाला विचारलं नाही. कॅम्प चारच्या बाजारात दुसऱ्याच्या शिलाई मशीनला तेल घालत सुरुवात केली आणि स्वतःचं रिपेरिंगचं दुकान टाकलं, त्या माणसाला एक वेल काय जड? आंबट ताकात हिंग घालून मारलं. खोडात एक खिळा ठोकला. थोड्याच दिवसांत दुधी! एक नाही, चार! लिहून ठेव, हे माझ्या डोक्याचं पीक आहे.

आणि चारही लटकलेत तुझ्या गॅलरीत. वर ऊन जास्त, म्हणून तिथे धरले. पण मूळ माझ्या ड्रममध्ये आहे. तरी मी गप्प बसलो. म्हटलं खातील, एखादा खाली पाठवतील. तर तू खातही नाहीस नि देतही नाहीस! डोळ्यांदेखत निबर होत चाललेत. ही कुठली खुन्नस?

माझ्या प्राचीच्या हळदीपासून, म्हणजे मेपासून तुमचं हे चाललंय. हर्षदाला पहिली हळद लावायला हाक मारायची राहिली. मांडवात तीनशे माणसं, डीजे, मटणाची गडबड. काकीचा मान असतो हे मला माहीत आहे, तू शिकवू नकोस. त्यावरून भर मांडवातून बायकोला घेऊन उठलास ते उठलास, आईलाही वर घेऊन गेलास. तिच्या गुडघ्यांना जिना उतरवत नाही हे तुला चांगलं ठाऊक. आणि बोलावल्याशिवाय तुझ्या दारात यायला मी काय कुरियरवाला आहे?

आईची काठी मला रोज ऐकू येते. परवापासून खालचं रबर निघालंय, टोक फरशीवर वाजतं. घसरेल ती. तेवढं बघ.

बुधवारपर्यंत दुधी खाली आले नाहीत, तर वेल बुडातून कापतो.

जनार्दन
पहिला माळा

*

बुधवार, ८ ऑक्टोबर

धर्मेश,

काठीला रबर बसवलंस, आवाज बदलला. दुधी काही आले नाहीत.

आज दिवेलागणीला कोयता घेऊन गॅलरीत गेलो. वेल कापायलाच गेलो होतो, खोटं कशाला सांगू. माझे कान तुला माहीत आहेत. कॅम्पातले शेठ म्हणतात, "जनूभाई, तुम्हारा कान है कि मीटर?" मशीन सुरू केली की सुई कुठे घासते ते मी दारातून सांगतो. तर वर आई हर्षदाला सांगत होती,

"ते नर फूल तोर. आता ज्या फुलामागं बारका दुधी हाय, त्याचे तोंडाला लाव. हलूच गो."

"लावलं, आई. पण सगळ्यांना असं हातानेच लावायचं?"

"मंग? इतके वर भुंगा कोन येतंय? न खालचा बघ, खिले ठोकतंय! त्याला वाटतं ताकानं दुधी होतान."

हसलात तिघंही. तुझं हसू नाकातून येतं, लगेच ओळखलं.

मग हर्षदा म्हणाली, "ते चार कापू या का? निबर झाले हो."

आई म्हणाली, "ऱ्हावंदे. भांडाला तरी येल वर."

कोयता हातात तसाच राहिला. आतून वहिनी विचारत होती, कापला का? म्हटलं, धार नाही.

तर ऐक. मी गोडीगुलाबीला येत नाहीये. रविवारी सकाळी भांडायला येतोय, आणि कडकडून भांडणार आहे. मुलीच्या हळदीतून सख्खा भाऊ उठून जातो तेव्हा बापाला काय वाटतं, ते तुला आईसमोर ऐकवणार आहे. तुलाही काय बोलायचं ते बोल. पण आधी दुधी कापायचे. पहिला हर्षदाने कापायचा. प्राची सासरहून येतेय, ती काकीच्या हातात कोयता देईल. मी आणि वहिनी मागे उभे राहू. तोवर कोणी बोलायचं नाही, तू तर मुळीच नाही.

एक वेलावरच ठेवा, बियांना.

आईला सांग मी येतोय. नको, सांगू नकोस. जिन्यावरचं माझं पाऊल ती ओळखते. कान मला तिच्याकडूनच आलेत.

तुझा मोठा भाऊ
जनू

ता. क. खिळा काढला. ताक सगळ्यात जास्त मारलं ते माझ्या ग्रिलवर. तिथे आजवर एकही दुधी धरलेला नाही.