रांगेने दिलेली वाट

प्रिय यूडित,

तू हैफाला मुलाच्या घरी बसून सुनेच्या सुपाला नावं ठेवायला लागली आहेस, म्हणजे खुबा बरा होतोय असं मी धरून चालते. इथे लष्कराच्या तपासणी नाक्यावर मला तुझ्याशिवाय करमत नाही. तुझ्या जागी ब्रुरिया येते. बाई मनाने चांगली, पण पहाटेच्या थंडीत सैनिकांना मानवी हक्कांवर व्याख्यान देते. परवा एक सैनिक वैतागून मला म्हणाला, "आजी, त्या दुसऱ्या आजी कधी येणार? त्या नुसत्या शिव्या द्यायच्या, ते परवडायचं." मी म्हटलं, बाबा रे, तिचा खुबा मोडलाय, जीभ शाबूत आहे.

बाकी सगळं तसंच. एक फिरतं फाटक पुन्हा बंद ठेवलंय, त्यामुळे पलीकडून इस्रायलमध्ये कामावर निघालेली पॅलेस्टिनी माणसं एकमेकांना चिकटून उभी असतात. आपण इथे नक्की करतो काय, असं ब्रुरियाने विचारलं. मी तुझंच उत्तर दिलं, की आपण बघतो, आणि कुणी बघतंय म्हटलं की हात उगारणारा जरा आवरतो. इतकी वर्षं मी ते मनापासून मानत आले. आता मला आपल्या बघण्याचीच धास्ती वाटायला लागली आहे.

तू दोनदा मुअय्यदची चौकशी केलीस आणि मी दोन्ही वेळा टाळलं. फरशी बसवणारा आपला मुअय्यद, तुला-मला 'खाला' म्हणणारा. सुरक्षेचं कारण देऊन त्याचा इकडे कामाला यायचा परवाना अडवला होता, आणि तू परवाना कचेरीतल्या ओदेदच्या, तुझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या, इतकी मागे लागलीस की त्याने शेवटी तो मोकळा करून दिला. मुअय्यद पहिल्यांदा पार झाला त्या सकाळी तू अख्ख्या रांगेदेखत त्याला मिठी मारलीस. मीही रडले होते.

पण त्याच्या गावात असे अडवलेले कितीतरी आहेत गं. त्याचा सख्खा भाऊ आहे, शेजारी आहेत. कुणाचाच परवाना सुटला नाही, एकट्या याचा सुटला. तिथल्या लोकांना परवाना सुटायची एकच तऱ्हा माहीत आहे. आपल्या गुप्तचर खात्याचा साहेब कॉफीला बोलावतो आणि म्हणतो, शेजारीपाजारी काय चाललंय तेवढं सांगत जा. सांगेल त्याचा परवाना सुटतो. एका म्हातारीने नुसत्या मायेपोटी फोन केले, यावर कोण विश्वास ठेवणार? त्यांच्या जागी असते तर मीही ठेवला नसता.

तशात गेल्या महिन्यात सैन्याने त्या गावातून तिघांना उचलून नेलं. दुसऱ्या दिवशी कॉफीवाल्या अबू रमीझने सगळ्यांचे कप भरले आणि मुअय्यदला वगळून किटली पुढे नेली. मला वाटलं, चुकून झालं असेल. पुढच्या आठवड्यात तो आला तशी रांग दुभंगली. कुणीतरी म्हणालं, "वाट द्या रे, साहेबांना उशीर होतोय." तो म्हणत होता, "अरे, मी रांगेतच उभा राहतो, मला कसली घाई?" त्याच्याकडे कुणी बघेना. शेवटी त्या मोकळ्या वाटेने तो एकटा खिडकीपाशी गेला, आणि आतला सैनिक मोठ्याने हसून म्हणाला, "काय रे, तुझा भलताच मान आहे." ते सगळ्यांनी ऐकलं. मी फार घाबरले.

शेजारच्या गावातला तो वेल्डर तुला आठवतो ना? त्याच्याबद्दलही आधी अशीच कुजबुज होती. मग त्याचं दुकान जळलं आणि पुढे तो जैतुनाच्या झाडांखाली मरून पडलेला सापडला. त्याच्या बायकोला भेटायला आपण गेलो तेव्हा घरात बसायला आलेलं दुसरं कुणीच नव्हतं.

गुरुवारी मुअय्यदने मला गाड्या लावतात त्याच्या मागे गाठलं. म्हणाला, "खाला, एवढा उपकार करा, माझा परवाना रद्द करवा. सगळ्यांदेखत हाकलू देत मला. शिव्या घालू देत, ढकलू देत, चालेल." मी म्हटलं, अरे, मग पोरं खातील काय? तो म्हणाला, "अर्धपोटी राहतील. पण त्यांना बाप तरी असेल." मी ओदेदला फोन केला. तो म्हणतो, शब्द यूडितबाईंनी टाकलाय, मागेही त्यांनीच घ्यायला हवा.

म्हणून हे पत्र. फोनवर तू मला पुरतं बोलू दिलं नसतंस. पत्र मिळेल त्याच दिवशी ओदेदला सांग की तुझी चूक झाली, या माणसाची हमी तू घेत नाहीस. कारण विचारलं तरी सांगू नकोस. तू इतक्या जिवापाड केलेलं काम तूच मोड, असं लिहिताना मला रडू येतंय, पण लिहितेय. कदाचित आधीच उशीर झाला असेल. पुढच्या रविवारी, कामाचा आठवडा सुरू झाला की, तो रोजच्यासारखा रांगेत येईल. त्याला खिडकीवरून मागे ढकलतील तेव्हा ब्रुरिया नक्की मध्ये धावेल, आणि मी तिचा दंड घट्ट धरून ठेवणार आहे.

तुझीच,
नेहामा