आखडलेली वीत

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (दहाही बोटे सरळ ठेवून केला आहे, याची नोंद घ्यावी.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठणठणीत आहेत, मी तर जरा जास्तच.

आता नीट वाच, कारण तुझ्या कानावर भलतेच काही आले असेल. (गुरुजींचे तोंड कोणी धरले आहे!) आपल्या घराण्याने सुतारकीत टेप कधी हातात धरली नाही. आप्पांची वीत, तुझी वीत, माझी वीत, नऊ इंच म्हणजे नऊ इंच. त्याच भरवशावर मी शेजारच्या गुरुजींचा पलंग केला. नऊ विती लांब, सागवानी, सांध्यात कागद शिरणार नाही असा. गुरुजी दुसऱ्याच दिवशी दारात: पाय बाहेर येतात. मी म्हटले, गुरुजी, काही माणसांची उंची उशिरा वाढते. गादी आत बसेना, तेव्हा गादीवाल्यालाही चार शब्द सुनावले. पुढे एका बाईंनी इंचांत माप लिहून दिलेले फडताळ कोनाड्यात खुळखुळू लागले, तर भिंतीच सरकल्या असे मी शपथेवर सांगितले. (भिंती गवंड्याच्या होत्या, त्यामुळे सांगताना जड गेले नाही.)

शेवटी आमच्या हिने (ती बोलते कमी आणि बघते जास्त, हे तुला ठाऊक आहेच) मुलीच्या दप्तरातली पट्टी आणून माझ्या वितीलाच लावली. साडेसात इंच! "अहो, गुरुजी नाही वाढले, तुमची करंगळी आत गेलीय," एवढेच म्हणाली. खरेच, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट तळहाताकडे वाकून बसले होते, आणि मी वर्षभर त्याला करवतीवरची पकड समजून मिरवत होतो.

हाताच्या डॉक्टरीणबाईंनी तळवा टेबलावर पालथा टेकवायला सांगितला. खालून उंदीर गेला असता. मी म्हटले, बाई, तुमचे टेबलच मधे बसले आहे. त्यांनी स्वतःचा हात टेकवून दाखवला, अगदी सपाट. (टेबल बसलेच होते, हे मी अजूनही म्हणतो.) कातडीखालचा पडदा जाड होत जातो, त्याची दोरी बनते आणि ती बोटांना आत ओढून धरते, मालिश करून किंवा ओढून ती सुटत नाही, असे त्या म्हणाल्या. मग हात बधिर करून सुईच्या टोकाने ती दोरी जागोजागी तोडली. तट् असे काहीतरी झाले आणि बोटे उघडली. दादा, मी तिथल्या तिथे वीत पसरून बाईंचे टेबल मोजले! बोटे पुन्हा वाकू शकतात अशी ताकीद आहे, म्हणून रात्री हाताला पट्टी बांधून झोपतो. गुरुजींना पलंग नव्याने करून दिला. ते आता सबंध झोपतात. माझी वीत पुन्हा नऊ इंच भरली आहे, मुलीची पट्टी लावून पाहिली, आणि घराण्याचे नाव राखले असे मी छाती पुढे काढून लिहितो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. हे दुखणे घराण्यात चालते, असे बाई म्हणाल्या. वहिनींनी हिला सांगितले की तू हल्ली उजवा हात खिशातून काढत नाहीस, कप डाव्या हाताने उचलतोस, आणि विचारले की खेकसतोस. पुढच्या मंगळवारी तुझा नंबर लावून ठेवला आहे. नाही म्हणू नकोस. आप्पांनंतर मी हातात अवजार धरायला तुझ्याकडे बघून शिकलो. तो हात खिशात बघवत नाही.

पुन्हा ता. क. वरचे वाचून मी वाघासारखा बसलो होतो असे तुला वाटेल. तसे काही नाही. सुई पाहून मी तीनदा घरी निघालो आणि शेवटी हिचा हात असा धरला की तिच्या मनगटावर वळ उठले. मंगळवारी तुझा डावा हात धरायला मी येतो. माझा बरा झालेला उजवाच पुढे करीन. हवा तेवढा आवळ, आता तो सोसतो.